घर आणि विज्ञान : लुकलुकणारा पडदा, दोष नेमका कोठे?

उन्हाळ्याच्या सुटीत घरोघरी नातवंडे जमतात. परभणी असो, सेलू-मानवत असो की जिंतूर, दुपारच्या उन्हात बाहेर पाऊल टाकवत नाही आणि मुलांचा मुक्काम बैठकीतील टीव्हीसमोर पडतो. टीव्हीला खेळाचा कन्सोल जोडलेला असतो. खेळ रंगात येतो आणि नेमका त्याच वेळी पडदा लुकलुकू लागतो. क्षणभर काळा होतो, उजळतो, पुन्हा काळा होतो. घरात निकाल मात्र तत्काळ लागतो. आजोबा म्हणतात, "दिवसभर खेळून यंत्र बिघडवलंत, आता बंद करा." नातू म्हणतो, "आजोबा, कन्सोल चांगला आहे, टीव्हीच जुना झालाय." काकांच्या मते वायर हलकी आहे, तर आईच्या मते हा सारा विजेचा खेळ आहे.

आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीची गोष्ट जैन घरांत लहानपणीच कानी पडते. कुणाच्या हाती सोंड लागली, कुणाच्या हाती पाय. प्रत्येकाचे बोलणे आपल्यापुरते खरे होते आणि हत्ती मात्र कुणालाच कळला नव्हता. लुकलुकणाऱ्या पडद्यापुढे बसलेल्या कुटुंबाची अवस्था याहून फारशी वेगळी नसते. लुकलुकणे हे केवळ लक्षण आहे. ताप जसा मलेरियाचा असतो तसाच टायफॉइडचाही असतो, त्याप्रमाणे पडद्याच्या या एकाच लक्षणामागे अनेक कारणे संभवतात. त्यांतील काही अगदी क्षुल्लक असतात. एक-दोन मात्र अशी असतात की ती वेळीच ओळखली नाहीत, तर घराला आग लागू शकते किंवा मुलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच घाईने दिलेला निकाल, मग तो "बंद करा" असा असो की "नवे आणा" असा, येथे धोक्याचा ठरतो.

द्रव्य, क्षेत्र, काल, भाव

स्याद्वादातील 'स्यात्' या शब्दाचा अर्थ 'कदाचित' असा केला जातो. तो बरोबर नाही. 'विशिष्ट अपेक्षेने', 'अमुक दृष्टीने पाहता' असा त्याचा आशय आहे. वस्तूविषयी काही विधान करावयाचे तर ते द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अपेक्षांनी करावे, अशी जैन दर्शनाची शिकवण आहे. बिघाड शोधण्याच्या कामी ही चौकट आश्चर्य वाटावे इतकी उपयोगी पडते. "टीव्ही लुकलुकतो" या तक्रारीवरून कोणताही कारागीर काही सांगू शकणार नाही. "कन्सोल लावल्यावरच, बैठकीतील सॉकेटवरच, कूलर सुरू होतो त्याच क्षणी पडदा एकदा मंद होतो" असे सांगितले, की निम्मे काम झाले.

द्रव्याच्या अपेक्षेने पाहावयाचे ते हे, की दोष कोणत्या वस्तूबरोबर येतो. सेट-टॉप बॉक्सवर वाहिनी लावली असता चित्र स्थिर राहते काय? राहत असेल, तर टीव्ही आणि वीज बहुधा निर्दोष असून शोध कन्सोल व त्याची वायर यांपुरता उरतो. याहून सोपी एक परीक्षा आहे. खेळाचे चित्र लुकलुकत असतानाच टीव्हीच्या रिमोटने त्याचा स्वतःचा मेनू उघडावा. मेनूची अक्षरे स्थिर आणि मागचे चित्र तेवढे हलते, तर दोष बाहेरून येणाऱ्या संकेतात आहे. मेनूही त्याबरोबर लुकलुकत असेल, तर दोष टीव्हीत किंवा विजेत आहे.

क्षेत्र म्हणजे स्थान. तोच कन्सोल दुसऱ्या खोलीतील दुसऱ्या टीव्हीला लावून पाहावा. काल म्हणजे वेळ. सायंकाळी सात ते दहा या वेळातच त्रास होतो, की पहाटेही? सुरू करताच होतो, की तासभर खेळून यंत्र तापल्यावर? भाव म्हणजे अवस्था. सर्वच खेळांत होते, की एखाद्याच खेळात? गडद दृश्यांत होते, की उजळ? या चार प्रश्नांची उत्तरे चार ओळींत लिहून काढावीत आणि त्यानंतरच वायरीला हात लावावा. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वायर, सॉकेट आणि सेटिंग एकदम बदलले आणि दोष गेला, तर कशाने गेला हे कळत नाही, आणि तो परत आला की पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते.

विजेच्या खांबापासून भिंतीपर्यंत

शोधाची दिशा विजेच्या प्रवासाचीच असावी: खांबापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून यंत्रापर्यंत, यंत्रापासून पडद्यापर्यंत आणि अखेरीस पडद्यापासून डोळ्यापर्यंत.

घरगुती वीज २३० व्होल्टची असते आणि तिच्यात सहा टक्क्यांहून अधिक चढउतार होऊ नये, असा नियम आहे. म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट ही तिची मर्यादा. प्रत्यक्षात जवळपास कोठे मोठी मोटार सुरू झाली, की ती पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. बोअरची मोटार, पिठाची गिरणी, कापसाच्या हंगामात सेलू-मानवतकडील जिनिंगची यंत्रे, यांपैकी काहीही त्याच डीपीवर असेल, तर घरातील दिवा क्षणभर मंदावतो. आजच्या टीव्ही-कन्सोलमधील वीजपुरवठ्याचा भाग असा लहानसा चढउतार सहज पचवतो. त्यामुळे दिवा किंचित मिटमिटला आणि पडदा स्थिर राहिला, तर काळजीचे कारण नाही. दिव्याबरोबर पडदाही जात असेल, तर वीज फारच खाली येत आहे किंवा घरातीलच एखादा जोड सैल आहे.

येथे एका धोक्याची स्पष्ट कल्पना प्रत्येक घरात असली पाहिजे. डीपीवरून येणाऱ्या तीन फेजना मिळून न्यूट्रलची एकच सामाईक तार असते. ती खांबावर, डीपीवर किंवा घरातील तीन फेजच्या मीटरपाशी सैल झाली अथवा तुटली, तर प्रत्येक फेजवरील दाब आपापल्या भाराप्रमाणे भलतीकडे सरकतो. एका घरातील दिवे मंद होतात, तर शेजारच्या घरातील डोळे दिपावेत इतके प्रखर होतात. तेथील व्होल्टेज ४०० च्या जवळ जाऊ शकते. टीव्ही, फ्रिज, कन्सोल एकाच झटक्यात जळतात, ते याच कारणाने. पडद्याबरोबर काही दिवे मंद आणि काही विलक्षण प्रखर होताना दिसले, पंख्याचा वेग आपोआप वाढला, तर चर्चा करीत बसू नये. ताबडतोब मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांना सावध करावे आणि महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अशा वेळी "मुलांनी टीव्ही बिघडवला" असे म्हणून केवळ टीव्ही बंद करणारे घर आपला फ्रिज गमावून बसते.

दुसरा विषय अर्थिंगचा. परभणी जिल्ह्याची जमीन बव्हंशी काळी, कापसाची. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला, की माती पट्टीपासून सुटते आणि जमिनीत वीज वाहून नेण्याची तिची शक्ती बरीच घटते. जुन्या वाड्यांतून तर अर्थिंगची तार नुसती नावालाच असते. परिणाम असा, की टीव्हीच्या मागील धातूच्या भागाला हात लागताच मुंग्या येतात आणि केबल किंवा एचडीएमआयची वायर जोडताना बारीक ठिणगी उडते. ही ठिणगी क्षुल्लक वाटते, परंतु एचडीएमआयचे नाजूक तोंड ती कायमचे जाळू शकते. म्हणून कोणतीही वायर जोडण्यापूर्वी टीव्ही, कन्सोल व सेट-टॉप बॉक्स यांचे प्लग काढून ठेवावेत. केवळ रिमोटने बंद करणे पुरेसे नाही. अर्थिंगची तपासणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी.

आता भिंतीवरील सॉकेट. कन्सोल खेळताना साधारण २०० वॉट वीज घेतो, म्हणजे एक अँपिअरहूनही कमी. त्याच्या भाराने बोर्ड तापण्याचे कारण नाही. बोर्ड तापत असेल, करपल्याचा वास येत असेल किंवा प्लग हलवताच पडदा जातो-येतो असे होत असेल, तर सॉकेटमधील पितळी पाकळ्या सैल झाल्या आहेत. प्लगाखाली कागदाची घडी सारून काम भागवण्याची रीत अनेक घरांत दिसते. ती आगीला आमंत्रण देणारी आहे. सॉकेट बदलण्यास फार खर्च येत नाही. कूलर, इस्त्री आणि कन्सोल ही तिन्ही एकाच एक्सटेंशन बोर्डावर लावणेही टाळावे.

वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होतो, त्या क्षणी कन्सोल पुन्हा पहिल्यापासून चालू होणे यात नवल नाही. मात्र इन्व्हर्टरवर असतानाच पडदा सतत थरथरत असेल किंवा टीव्हीतून गुणगुण ऐकू येत असेल, तर तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह जातीचा असण्याची शक्यता अधिक. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास होत नाही. जुन्या स्टॅबिलायझरमधून वरचेवर 'टक टक' असा आवाज येत असेल, तर रोगापेक्षा औषधच त्रासदायक झाले आहे असे समजावे. परदेशातील नातेवाइकांनी आणलेल्या यंत्राच्या पाटीवर '१००–२४० व्होल्ट' असे लिहिले आहे का, हे प्लग लावण्यापूर्वी पाहावे. केवळ ११० व्होल्टचे यंत्र येथील विजेवर लावणे म्हणजे ते जाळणेच होय.

वायर, जोड आणि सेटिंग

वीज निर्दोष ठरली, की दृष्टी एचडीएमआयच्या वायरीकडे वळवावी. या वायरीच्या टोकाशी एकोणीस बारीक संपर्कबिंदू असतात. जुन्या अँटेनाच्या काळात संकेत क्षीण झाला, की चित्रावर मुंग्या येत आणि चित्र हळूहळू फिके होई. डिजिटल संकेताचा स्वभाव निराळा आहे. काही मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष दिसते. मर्यादा ओलांडताच आधी पांढरे ठिपके चमकतात आणि मग पडदा एक-दोन सेकंद पूर्ण काळा होऊन परत येतो. चित्राबरोबर आवाजही जात असेल, तर संशय वायरीवर किंवा तिच्या तोंडावर घ्यावा.

यावरील उपाय क्रमाने करावेत. वायर दोन्ही बाजूंनी काढून नीट सरळ बसवावी. टीव्हीचे दुसरे एचडीएमआय तोंड वापरून पाहावे. त्यानंतर शेजारी-नातलगांकडील चांगली वायर एका दिवसापुरती मागून आणावी. विकत घेण्याची घाई करू नये. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवण्यासाठी १८ गिगाबिट क्षमतेची वायर लागते, तर १२० वेळा दाखवण्यासाठी 'अल्ट्रा हाय स्पीड' म्हणजे ४८ गिगाबिट क्षमतेची. जुन्या सेट-टॉप बॉक्ससोबत आलेली वायर नव्या कन्सोलला लावली, की हा भार तिला पेलत नाही. वायरीची लांबीही तीन मीटरच्या आत असलेली बरी.

नवी वायर आणण्याआधी एक विनामूल्य उपाय करून पाहता येतो. कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राची मागणी कमी करावी: १२० हर्ट्झऐवजी ६०, ४केऐवजी १०८०. लुकलुकणे थांबले, तर दोष वायरीच्या क्षमतेचा हे सिद्ध झाले. प्लेस्टेशन ५ मध्ये '४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट' कमी करण्याची सोयही आहे. पडद्यावर काहीच दिसत नसेल, तर प्लेस्टेशन पूर्ण बंद करून त्याचे वीजबटण सुमारे सात सेकंद, दुसरा 'बीप' ऐकू येईपर्यंत, दाबून धरावे. यंत्र 'सेफ मोड'मध्ये सुरू होते. हातातील कंट्रोलर यूएसबी वायरीने जोडावा आणि चित्राचे सेटिंग बदलण्याचा पर्याय निवडावा. निन्टेन्डो स्विचच्या डॉकला मोबाइलचा कोणताही चार्जर चालत नाही. त्याचा मूळ अडॅप्टर १५ व्होल्ट व २.६ अँपिअर देतो आणि टीव्हीवर चित्र आणण्यासाठी तोच लावणे श्रेयस्कर.

प्रत्येक लुकलुक हा दोष असतोच असे नाही, हेही ध्यानी घ्यावे. खेळ सुरू होताना टीव्ही एचडीआर प्रकारात जातो, तेव्हा पडदा एक-दोन सेकंद काळा होणे स्वाभाविक आहे. व्हीआरआर नावाची सोय चित्रांच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलते. काही पडद्यांवर, विशेषतः ओएलईडी जातीच्या, गडद दृश्यांत त्यामुळे उजेड हलल्यासारखा दिसतो. ती सोय बंद केली, की त्रास थांबतो. खोलीतील उजेडानुसार आपोआप कमी-अधिक होणारी टीव्हीची चमक, तसेच वीजबचतीचे सेटिंग, हीदेखील बंद करून पाहावीत.

यंत्राच्या आत

मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे नेहमीचेच. प्लेस्टेशन ५ साठी निर्मात्याने सांगितलेली तापमानाची मर्यादा मात्र ५ ते ३५ अंश आहे. काचेच्या बंद कपाटात, पत्र्याच्या छताखाली ठेवलेला कन्सोल तासाभरात तापतो. आधी चित्र विस्कटते आणि मग तो स्वतःहून बंद पडतो. यंत्राभोवती निदान दहा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. कूलरचा झोत थेट त्यावर सोडू नये, कारण ती हवा गार असली तरी दमट असते आणि तिने आतील जोड गंजतात.

उबदार, अंधारी जागा जीवजंतूंना प्रिय असते. कन्सोलमध्ये झुरळे व मुंग्या शिरून मंडलावर चिकटल्याची प्रकरणे दुरुस्तीच्या दुकानांत वारंवार येतात. यंत्र सुरू होताच त्या जीवांचा घात होतो आणि यंत्रही बिघडते. कीटकनाशक फवारणे हा येथे उपायच नव्हे. जैन घराला ते शोभत नाही आणि फवाऱ्याचा ओलावा यंत्रालाही मारक ठरतो. खरा उपाय जयणेचा आहे. खेळता खेळता खाणे बंद करावे, म्हणजे कण सांडत नाहीत आणि जीव आकर्षित होत नाहीत. प्लग काढून, यंत्र थंड झाल्यावर, पुंजणीसारख्या मऊ कुंचल्याने जाळीवरील धूळ आठवड्यातून एकदा हलक्या हाताने काढावी. उपयोग संपल्यावर कन्सोल कापडाने झाकावा. चालू असताना मात्र कधीही झाकू नये.

टीव्हीचा आवाज ऐकू येतो आणि पडदा काळा आहे, अशी अवस्था असेल, तर खोलीत अंधार करून विजेरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकावा. चित्र अंधूक दिसले, तर पडदा जिवंत असून मागील एलईडी दिव्यांची पट्टी गेली आहे. ही पट्टी बदलता येते आणि तिचा खर्च नव्या टीव्हीच्या मानाने थोडा असतो. परभणीच्या बाजारपेठेत हे काम जाणणारे कारागीर आहेत. घरच्या माणसाने मात्र टीव्हीचे किंवा कन्सोलच्या अडॅप्टरचे झाकण उघडू नये. २३० व्होल्टच्या विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते आणि आतील कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही तेवढा भार काही काळ धरून ठेवू शकतात. अडगळीतील जुन्या काचेच्या टीव्हीत तर हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो.

पडद्यापासून डोळ्यापर्यंत

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा. वीज ठीक, वायर ठीक, पडदा ठीक, आणि तरीही लुकलुक घातक ठरू शकते. कारण ती खेळाच्या चित्रातच असते.

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये मुलांच्या 'पोकेमॉन' या चित्रमालिकेचा एक भाग दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आला. त्यातील एका स्फोटाच्या दृश्यात लाल आणि निळा हे रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आळीपाळीने चमकले. ते दृश्य केवळ काही सेकंदांचे होते. त्या रात्री सुमारे ६८५ जणांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयांत न्यावे लागले. कुणाला झटके आले, कुणाला चक्कर व उलटी झाली. कोणत्याही घरातील टीव्ही बिघडलेला नव्हता. पुढे जपानमध्ये अशा चमकदार दृश्यांवर मर्यादा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे आखली गेली. खेळांच्या आरंभी पडद्यावर झटक्यांविषयीचा इशारा येतो, तो असल्याच धोक्यासाठी. आणि घाईने बटण दाबून तो पुढे ढकलला जातो.

या विकाराला प्रकाशसंवेदी अपस्मार म्हणतात. अपस्माराच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तिघांना तो असतो आणि बहुधा बालपणी किंवा किशोरवयात तो प्रथम प्रकट होतो. सेकंदाला तीन ते तीस वेळा होणारी चमक त्याला कारण ठरू शकते. अनेकदा खेळताना आलेला पहिला झटका हीच त्याची पहिली ओळख असते. म्हणून खेळता खेळता मूल क्षणभर शून्यात पाहू लागले, त्याचे हात आपोआप झटकले, डोळे फिरले किंवा त्याने विचित्र वास-भास सांगितला, तर ते "नाटक" समजू नये. खेळ तत्काळ थांबवावा. मूल शुद्धीवर असेल, तर त्याने एक डोळा तळहाताने झाकून पडद्याकडून तोंड फिरवावे. त्यानंतर डॉक्टरांना दाखवणे अगत्याचे आहे.

झटका आलाच, तर मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ वस्त्र ठेवावे आणि घड्याळ पाहावे. कांदा किंवा चामड्याची चप्पल हुंगवण्याची जुनी रीत अजूनही दिसते. तिने झटका थांबत नाही, उलट श्वासाला अडथळा होतो. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला किंवा लागोपाठ दुसरा आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अपस्माराच्या गोळ्या चालू असलेल्या मुलाने पर्युषणात उपवासाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, कारण गोळी चुकणे हे झटक्याचे एक प्रमुख कारण आहे.

हा विकार नसलेल्या मुलांसाठीही काही नियम हिताचे आहेत. अंधाऱ्या खोलीत खेळू नये, पडद्यापासून शक्य तेवढे दूर बसावे, तासाभराने उठावे आणि अपुऱ्या झोपेनंतर खेळायला बसू नये. काही पडद्यांतील दिवे चमक कमी केल्यावर अतिशय वेगाने चालू-बंद होतात. डोळ्याला ते दिसत नाही, परंतु काहींचे डोके त्यामुळे दुखते. परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या उजळ पडद्यासमोर पेन्सिल वेगाने हलवावी. तिची एकसंध पुसट पट्टी दिसण्याऐवजी सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर पडदा तसा आहे. चमक थोडी वाढवून खोलीतही दिवा लावला, की पुष्कळदा आराम पडतो.

टाकावे की राखावे

तपासणीअंती एखादे यंत्र खरोखरच निकामी ठरेल. तरीही ते भंगारवाल्याला देऊन उघड्यावर फोडू देऊ नये. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते आणि जाळलेल्या वायरींचा धूर विषारी असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. घेतलेल्या कंपनीच्या सेवा केंद्रात त्याविषयी विचारणा करावी. परंतु अपरिग्रहाची कसोटी त्याच्या पुष्कळ आधी लागते. सैल सॉकेट, थकलेली वायर किंवा चुकलेले सेटिंग यांपायी चांगला टीव्ही घराबाहेर गेला, तर तो निव्वळ अनर्थदंड होय. मुलांनी किती खेळावे आणि काय खेळावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो प्रत्येक कुटुंबाने आपल्या व्रत-नियमांच्या आधारे सोडवावा. मात्र बिघाडाच्या निमित्ताने तो प्रश्न मिटवण्याचा मोह टाळावा. यंत्राचा दोष यंत्रात शोधावा आणि सवयीचा दोष सवयीत.

सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान आणि सम्यक् चारित्र या रत्नत्रयाचा क्रम व्यवहारातही मोलाचा आहे. आधी नीट पाहणे, मग नीट जाणणे आणि त्यानंतरच कृती करणे. वळवाच्या पहिल्या सरी मराठवाड्यात विजांसह येतात. आभाळ भरून आले, की टीव्ही-कन्सोलचे प्लग आणि केबलची वायर काढून ठेवावी. तोपर्यंत या कोरड्या दिवसांत दर चार-आठ दिवसांनी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी घालण्याचे काम घरातील मुलांकडेच सोपवावे, आणि ते का घालायचे हेही त्यांना सांगावे.